मागून ठक्ठक् येतंय? आधी शोधा, मग पार्ट बदला



टोमॅटोची तोडणी जोरात आहे. आपल्या जुन्नर भागातल्या पिकअप रोज भरून नारायणगावला नाहीतर माळशेज उतरून कल्याणला चालल्यात. रस्त्यांची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. गेल्या आठ दिवसांत तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, "नाना, गाडीच्या मागून खड्ड्यात ठक्ठक् येतंय, काय टाकू?"

माझं भांडण या प्रश्नाशीच आहे. "काय झालं असेल?" असं एकानेही विचारलं नाही. तिघांनीही "काय टाकू?" विचारलं. पीक पिवळं पडलं की आपण दुकानात जाऊन "काय मारू?" विचारतो, तसंच हे. झाड उपटून मुळी बघायची नाही, पानामागे वळून बघायचं नाही, वाफसा बघायचा नाही. थेट बाटली. मग तीन बाटल्या मारूनही पिवळं ते पिवळंच. गाडीचं तेच चाललंय, फक्त बाटलीच्या जागी शॉकअप आलाय.

मी मिस्त्री नाही. दहावी पास शेतकरी आहे. पण स्वतःचा माल स्वतःच्या गाडीतून नेतो आणि गाडीखाली स्वतः वाकून बघतो. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

गावात या आवाजावर तीन प्रकारची माणसं भेटतात.

पहिला म्हणतो, "पिकअप आहे, आवाज येणारच. कार आहे का ती?" खरं आहे, पाट्याची गाडी रिकामी असली की आदळते. पण रोजचा आवाज वेगळा आणि नवा आवाज वेगळा. आपली म्हैस रोज हंबरते, तरी आजारी हंबरडा आपल्याला ओळखू येतो ना? मग रोज चालवलेल्या गाडीचा नवा आवाज का ओळखू येऊ नये?

दुसरा म्हणतो, "सगळंच बदलून टाक, डोक्याला ताप नको." शॉकअपची जोडी, बुश किट, शॅकल, पिना. बिल झालं आठ-दहा हजार, आवाज गेला तर देव पावला, नाही गेला तर "आता पाटे बघावे लागतील."

तिसरा सगळ्यात घातकी. तो म्हणतो, "पाटा वाढव एक." त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी गाडीखाली काय असतं ते समजून घेऊ. दोन मिनिटं लागतील, पण याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी हाउसिंग असते. तिच्या दोन्ही बाजूंना पाट्यांचा एकेक जुडगा. जुडग्यातल्या सगळ्यात लांब पाट्याला दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा चेसीच्या ब्रॅकेटमध्ये पिनने पक्का बसवलेला. मागचा डोळा शॅकलला टांगलेला, कारण वजन पडलं की वाकलेला पाटा सरळ होतो, म्हणजे लांब होतो, आणि त्याला सरकायला जागा लागते. दोन्ही डोळ्यांत बुश असतात. जुडगा हाउसिंगला यू-बोल्टने आवळलेला असतो. जुडग्याच्या मधोमध आरपार सेंटर बोल्ट, आणि त्याचं डोकं हाउसिंगच्या बैठकीतल्या भोकात बसतं. हे डोकं त्या भोकात आहे म्हणून हाउसिंग पुढे-मागे सरकत नाही. वर चेसीला रबरी ठोकळा असतो, जास्त दबलं तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून.

आणि शॉकअप? शॉकअप वजन उचलत नाही. हे शंभर वेळा सांगितलं तरी लोकांना पटत नाही. वजन पाटे उचलतात. शॉकअपचं काम एवढंच, की पाटा दबून वर आल्यावर गाडी उसळ्या मारत राहू नये. त्यामुळे "गाडी मागून बसली, शॉकअप टाक" हा सल्ला म्हणजे बैल लंगडतोय म्हणून वेसण बदलण्यासारखा आहे.

आता माझ्या गाडीचं सांगतो. मागच्या हंगामात डाव्या बाजूने आवाज सुरू झाला. गाडी उचलताना एक ठक्, ब्रेक मारला की एक ठक्. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकता, उभ्या उभ्या सांगितलं, "दोन्ही शॉकअप आणि बुश किट. साडेआठ हजार धरा." मी म्हणालो, "आधी दाखव." तो म्हणाला, "नाना, अनुभवावरून सांगतोय." मी म्हणालो, "अनुभव डोळ्यांत असतो, तर डोळ्याने बघ." त्याला राग आला. मी गाडी घेऊन घरी आलो.

घरी बॅटरी घेऊन खाली वाकलो. डाव्या यू-बोल्टच्या नटाभोवती लाल गंजाची भुकटी पडलेली, उजवीकडे काही नाही. पाना लावला तर नट अर्धा आटा सहज फिरला. यू-बोल्ट ढिला म्हणजे सगळा ताण सेंटर बोल्टवर. दुसऱ्या मिस्त्रीकडे उघडून घेतलं, तर सेंटर बोल्ट मधे झिजून बारीक झालेला आणि किंचित वाकलेला. चार यू-बोल्ट, दोन सेंटर बोल्ट, मजुरी, सगळं मिळून दोन हजारांच्या आत. शॉकअप आजही तेच आहेत.

साडेसहा हजार वाचले हा छोटा मुद्दा. मोठा मुद्दा असा, की त्या पहिल्या गॅरेजात नवे शॉकअप बसले असते, आणि झिजलेला सेंटर बोल्ट तसाच राहिला असता. तो तुटला तर हाउसिंग एका बाजूने मागे सरकते आणि गाडीचं मागचं अंग वाकडं चालायला लागतं. पावसात, रात्री दोन वाजता, माळशेजच्या उतारावर, मागे दीड टन माल. गाडीत कोण असतं? आपलाच पोरगा, नाहीतर भावाचा. म्हणून म्हणतो, चुकीचा पार्ट बदलणं म्हणजे नुसते पैसे वाया जाणं नव्हे. दुखणं झाकलं जातं आणि आपण "काम करून घेतलंय" या भरवशावर घाट उतरतो.

तर मग शोधायचं कसं? गाडीखाली जाण्याआधी पाच प्रश्न स्वतःला विचारा. कागदावर लिहा.

१) आवाज रिकाम्या गाडीत येतो की भरल्या? फक्त रिकाम्यात येत असेल तर आधी हौदा बघा. फाळक्याच्या कड्या, साखळी, बिजागरी, खालची स्टेपनी, जॅक, टॉमी, सीटमागची हत्यारं. हे सगळं काढून, बांधून एक चक्कर मारा. निम्मे आवाज इथेच मरतात. तरी राहिला तर पाट्यांच्या क्लिपा आणि जादा वजनासाठी असलेला मदतीचा पाटा बघा. फक्त भरल्यावर येत असेल तर तुटलेला पाटा, बसलेला जुडगा, किंवा रबरी ठोकळा गायब होऊन लोखंड आपटणं.

२) एका चाकाच्या खड्ड्यात येतो की गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढताना? एका चाकाच्या खड्ड्यात गाडी पिळते, तेव्हा शॅकल आणि डोळ्यांचे बुश बोलतात. गतिरोधक उतरताना एकच जड धाड येत असेल तर ठोकळ्यापर्यंत आपटतंय, आणि मग गाडी दोन-तीन उसळ्या घेत असेल तर शॉकअपवर संशय घ्यायला हरकत नाही.

३) उचलताना, ब्रेक मारताना, रिव्हर्स टाकताना एकच ठक् येतो का? मग खड्ड्याचा संबंध कमी. यू-बोल्ट, सेंटर बोल्ट, पुढच्या डोळ्याचा बुश बघा. पण असाच ठक् प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचाही असतो. गाडी सपाटीवर, चारही चाकांना दगड, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग शाफ्ट हाताने डावी-उजवी पिळून बघा. क्रॉसमध्येच खेळ दिसला तर पाट्यांना उगीच दोष देऊ नका.

४) बारीक खडखड, कमी वेगात, कच्च्या रस्त्यावर सतत? शॉकअपच्या वरच्या-खालच्या टोकाचे रबरी बुश. शॉकअप चांगला आणि बुश गेलेला असं बऱ्याचदा असतं.

५) गुळगुळीत डांबरीवरही येतो, आणि वेग वाढला की ठोके भरभर पडतात? मग हे पाट्यांचं काम नाही. चाकाचे नट, बेअरिंग, किंवा टायरला आलेला फुगा. इथे "माल पोचवून येतो, मग बघू" चालणार नाही. गाडी बाजूला घ्या आणि नट तिथेच तपासा.

अजून एक. चालवणाऱ्याला आवाज जिथून येतोय असं वाटतं, तिथून तो येतच असेल असं नाही. लोखंडाची चेसी आवाज इकडचा तिकडे नेते. म्हणून एकाने गाडी खडबडीत जागेवर माणूस चालेल इतक्या वेगाने चालवायची आणि दुसऱ्याने बाजूने चालत कान द्यायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून. चाकापासून हात-दीड हात लांब राहा.

आता खाली वाकायचं. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नका, कितीही घाई असो. चाकं जमिनीवर ठेवूनही बरंच दिसतं. धुवायच्या सेंटरचा रॅम्प मिळाला तर उत्तम. पण गाडी धुण्याआधी बघा. लोक आधी धुतात आणि सगळा पुरावा पाण्यात घालवतात. काय बघायचं?

लाल गंजाची भुकटी. जिथे दोन लोखंडं एकमेकांवर घासतात तिथे ती पडते. ढिल्या नटाची पहिली खूण हीच.

ताजी चमक. काळ्या, मळक्या लोखंडावर एखादीच जागा चांदीसारखी चकाकत असेल तर तिथे काहीतरी आपटतंय. शंका असेल तर त्या जागी ग्रीसचं बोट लावा आणि एक खेप करून या. समोरच्या लोखंडाला ग्रीस लागलं की चोर सापडला.

ओला डाग. शॉकअपच्या अंगावर तेल आणि त्यावर माती चिकटलेली असेल तर शॉकअप गळतोय. हा पुरावा. "जुना झालाय" हा पुरावा नाही.

पाट्यांची टोकं. जुडग्यातला एखादा पाटा बाजूला किंवा पुढे सरकलाय का बघा. मग टेप घ्या. पुढच्या डोळ्याच्या पिनपासून हाउसिंगपर्यंतचं अंतर डावीकडे मोजा, उजवीकडे मोजा. दोन्ही सारखं हवं. फरक स्पष्ट असेल तर गाडी भरू नका.

तडे. सेंटर बोल्टच्या आसपास, क्लिपजवळ आणि डोळ्याजवळ बघा. तडा बारीक असतो, चिखलाखाली लपतो. हे मात्र धुतल्यावर पुन्हा बघा.

बुश. टॉमी घालून डोळा आणि शॅकल हलवा, दुसऱ्याने बॅटरी धरून बघावं. रबर थोडं दबणार, ते ठीक. पण पिन भोकात कट्कट् वाजत असेल तर बुश गेला. ज्यांच्या गाडीला ग्रीसचं निप्पल आहे त्यांनी आधी ते चालू आहे का बघा. चिखलाने बुजलेल्या निप्पलवर वरून ग्रीस फासणारे भरपूर आहेत.

आणि शॉकअपचा शेवटचा निकाल लावायचा असेल तर संशय असलेल्या बाजूचं खालचं टोक सोडा, वर नीट बांधा, आणि रिकामी गाडी आपल्याच वावराच्या रस्त्यावर हळू फिरवा. आवाज तसाच राहिला तर शॉकअप निर्दोष. पैसे खिशात ठेवा. टोक परत बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

या सगळ्याला तासभर लागतो. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं म्हणणारे येतीलच. गॅरेजात दोनदा गाडी उभी करायला वेळ असतो, तोडलेला माल झाडाखाली ठेवायला वेळ असतो, आणि एक तास नसतो?

आता मिस्त्रींबद्दल. सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मिस्त्रीने अर्धा तास गाडीखाली घालवून "काही झालं नाही, नट आवळलाय" असं सांगितलं तर आपण त्याला काय देतो? चहा. तोही त्याच्याच टपरीवरच्या खात्यावर. तोच मिस्त्री चार हजारांचा पार्ट टाकतो तेव्हा आपण मुकाट पैसे मोजतो. मग तो काय शिकणार? शोधण्याला पैसा नाही, बदलण्याला आहे. दुकानात सल्ला फुकट मिळतो, म्हणून सल्ल्यासोबत बाटली येते. हे दोन्हीकडे सारखंच. फुकटचा सल्ला देणाऱ्याला त्याचा पैसा कुठूनतरी काढावाच लागतो, आणि तो आपल्याच खिशातून निघतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बघायचे पैसे द्या. गॅरेजात गेल्या गेल्या सांगा, "मिस्त्री, बघायचे तीनशे वेगळे देतो. काय गेलंय ते मला बोट लावून दाखवा. मग पार्टचं बोलू." चांगला मिस्त्री खूश होईल. ज्याला राग येईल, त्याच्याकडे परत जायचं कारण नाही. आणि निघालेला जुना पार्ट मागून घ्या, डोळ्याने बघा.

याचा अर्थ कंजूषपणा करा असा नाही. खरंच गेलेलं असेल तिथे हात आखडू नका. शॉकअप गळत असेल तर दोन्ही बाजूंचे बदला, एक नवा आणि एक जुना ठेवू नका. जुडगा उघडला तर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवेच घाला, ताणलेला जुना बोल्ट परत आवळून चालत नाही. यू-बोल्ट किती आवळायचा त्याचा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा. आणि भरून दोन-चार खेपा झाल्या की परत आवळून घ्या, कारण नवे पाटे, नवे बोल्ट बसतात आणि ढिले पडतात. हे आवळणं चुकवतात म्हणून सेंटर बोल्ट तुटतात. आवळल्यावर नट आणि बोल्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना न लावता कळतं.

शेवटी तो तिसरा, "पाटा वाढव"वाला. हिशोब करू. टोमॅटोचं क्रेट साधारण वीस किलोचं. दीड टनाच्या गाडीत ७५ क्रेट झाली की १५०० किलो भरले, रिकाम्या क्रेटचं वजन अजून धरलेलं नाही. आपण भरतो किती? शंभर, एकशेदहा. म्हणजे दोन टनांच्या पुढे. पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. ब्रेक तेच, टायर तेच, बेअरिंग तेच, हाउसिंग तीच. पाट्याने जो धक्का गिळायचा तो कडक झालेला पाटा चेसीवर ढकलतो. मग ब्रॅकेटला तडा जातो आणि पुन्हा आवाज. आरसी बुकातलं वजन पाटा वाढवून वाढत नाही. पकडले गेलो तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका खेपेत वाचवलेलं भाडं किती, ते तुम्हीच बघा.

भाव नसतो, भाडं परवडत नाही, म्हणून आपण जास्त भरतो. हे मला माहीत आहे, मीही त्याच बाजारात माल विकतो. पण भावाचा राग पाट्यांवर काढून भाव वाढत नाही.

एक सवय लावा. गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, आवाज कधी आणि कसा, काय बघितलं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने गेला ते कळेल. फवारणीची नोंद ठेवणारे शेतकरी आता बरेच झालेत, त्यांना हे अवघड नाही.

आणि पुढच्या वेळी मला विचारायचं असेल तर "काय टाकू" विचारू नका. वरच्या पाच प्रश्नांची उत्तरं घेऊन या. मग बोलू, आणि गरज पडली तर मी स्वतः येऊन गाडीखाली वाकतो.

पटलं तर गाडी चालवणाऱ्या पोरांना वाचून दाखवा. पहाटे तोडणी आहे, थांबतो.

राम राम.